चर क्रमांक सहा ठोंबरे यांच्याच हाताने उघडण्याबाबत

दिनांक : १३ एप्रिल २०२६

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, डहाणू,
जिल्हा पालघर.

अर्जदार : निर्मला सुनिल दुमाडा, वय ३६, व्यवसाय पाइप जोडणी (सध्या शेतमजुरी), रा. मोहाचापाडा, ता. तलासरी.

विषय : मोहर महिला चिकू प्रक्रिया केंद्र, मौजे खुटलवाडी, ता. डहाणू येथील हीट पंपाच्या जमिनीखालील लूपचा चर क्रमांक ६ पंचांसमक्ष, साइट इंजिनिअर श्री. रविंद्र ठोंबरे यांच्याच हातून उघडून घेणे व त्यापुढील मागण्या.

संदर्भ : १) ग्रामसभा खुटलवाडी, दि. २६ जानेवारी २०२५, इतिवृत्त पान ४.
२) केंद्राकडे मी केलेले तीन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. कचेरीसमोर टाईप करून देणाऱ्या भाऊंनी दोन ठिकाणी भाषा सौम्य करावी असे सुचवले. त्यांच्या अनुभवाचा मान राखून भाषा होती तशीच ठेवून घेतली आहे. आमच्या घरात वारली बोलतात, तरी मराठीत काही कमीजास्त असल्यास सांभाळून घ्यावे. मजकुरात कमीजास्त नाही.

२. मी काळ्या पाइपची जोडणी करते. गरम तव्याला दोन पाइपांची तोंडे लावायची, ती मऊ झाली की तवा काढून तोंडाला तोंड दाबून धरायचे आणि थंड होईपर्यंत हलू द्यायचे नाही, असे हे काम आहे. नीट जोडले तर सांध्याभोवती दोन सारख्या वळ्या उठतात. असा सांधा पाइपपेक्षा पक्का असतो; ओढून बघितले तर पाइप तुटेल, सांधा तुटणार नाही. डहाणू व तलासरी तालुक्यांतील अकरा गावांच्या नळयोजनांवर मी जोडणी केली आहे. त्यांपैकी एकाही ग्रामपंचायतीकडे माझ्या सांध्याबद्दल तक्रार नाही. खात्री करून घ्यावी.

३. खुटलवाडीच्या केंद्रात सव्वीस बाया चिकू कापून सुकवत व पॅकिंग करून घोलवडहून पाठवत. सुकवण्याच्या खोलीला गरम हवा आणि साठवणीच्या खोलीला गारवा लागतो. ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून व्हावीत म्हणून हीट पंप बसवण्यात आला. जमिनीखाली सहा फुटांवर उन्हाळा-पावसाळा फारसा पोहोचत नाही, तेथील उष्णता बाराही महिने जवळपास सारखी राहते. यंत्राला नको असलेली उष्णता पाइपमधले पाणी घेते, जमिनीत सोडते आणि परत येते. तेच पाणी फिरत राहते. कागदावर याला बंद वळसा म्हटले आहे. आम्ही लूप म्हणतो. बंद म्हणजे बंद. त्यातून एक थेंबही बाहेर जाता कामा नये. गेला तर काट्यावरचा दाब उतरतो आणि यंत्र थांबते.

४. हे काम फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. दीडशे फुटांचे नऊ चर, प्रत्येकात पाइपचे एक अखंड वेटोळे, आणि सगळ्या वेटोळ्यांची तोंडे यंत्राच्या खोलीमागे एका जाड पाइपला जोडलेली. एकूण सांधे चव्वेचाळीस. सर्व मी केले. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक व ‘नि’ हे अक्षर लिहिले. प्रत्येकाची वेळ, तव्याची उष्णता आणि थंड होऊ दिलेली मिनिटे वहीत नोंदवली. ठेकेदार कंपनीचे साइट इंजिनिअर श्री. ठोंबरे तेव्हा म्हणाले होते, “बाई, तुम्ही सांधे मारताय की बाळंतपणं करताय?” मी हसले होते. आज ते हसणेही मला परत घ्यावेसे वाटते.

५. दि. २१ फेब्रुवारीस चर उघडे असतानाच लूपमध्ये पाणी भरून काटा सहावर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता काटा सहावरच होता. फोटो जोडला आहे. त्यात काट्याशेजारी श्री. ठोंबरे यांचे मनगट व घड्याळ दिसते. म्हणजे चर बुजवण्याआधी माझे चव्वेचाळीसही सांधे कोरडे होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

६. चर बुजवण्याची रीत अशी : पाइपभोवती आधी हाताने वाळू घालायची, वर एक वीत चाळलेली माती, मग जेसीबी. बुजवून झाल्यावर दाबाची चाचणी पुन्हा घ्यायची, कारण पाइपला इजा होते ती बहुतेक वेळा बुजवतानाच. चर १ ते ५ माझ्यासमोर बुजले. चर ८ व ९ माझ्यासमोर बुजले. सोमवार दि. २६ फेब्रुवारी रोजी श्री. ठोंबरे यांनी मला वाणगावला आलेला पाइपचा माल मोजून घेण्यास पाठवले. त्या दिवशी चर ६ व ७ बुजवण्यात आले. संध्याकाळी परतल्यावर मी दुसऱ्या चाचणीबद्दल विचारले. ते म्हणाले, “झाली. तुम्ही नव्हता म्हणून काय काम थांबतं का?” माझ्या वहीत त्या तारखेपुढे मी ‘मी नव्हते’ एवढेच लिहिले आहे.

७. दि. १ मे २०२४ रोजी केंद्र सुरू झाले. पावसाळाभर चालले. ऑक्टोबरमध्ये दाब उतरू लागला. पाणी भरले की चार दिवस चाले, मग दोन दिवस, मग एक. दिवाळीच्या आधी यंत्र बंद पडले. साठवणीच्या खोलीतले चिकू तीन दिवसांत काळे पडले. बायांनी ते पाट्यांनी उचलून मागच्या खड्ड्यात टाकले. त्या पाट्या उचलायला मीही होते. कोणी माझ्याशी बोलत नव्हते.

८. यानंतर दि. २६ जानेवारी २०२५ ची ग्रामसभा. श्री. ठोंबरे यांनी माइक घेतला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत, ते येथे नमूद करते : “पाइप चांगला आहे, मशीन चांगलं आहे, डिझाइन तर बाहेरून तपासून आलंय. सांधा मारणारा हात कच्चा निघाला. आता नाव घेणं बरं दिसत नाही, पण त्या बाई समोर चौथ्या रांगेत बसल्या आहेत.” मग ते थांबले. तीनशे माणसे माना वळवून चौथी रांग मोजू लागली. मी उभी राहिले आणि म्हटले, चर उघडा. ते म्हणाले, “उघडायला परत लाखाचा खर्च. गावाला परवडेल का, विचारा.” गावाला परवडत नव्हते. इतिवृत्तात ‘जोडणीतील दोष’ असे लिहिले गेले. मी उभी राहिल्याची नोंद इतिवृत्तात नाही.

९. त्या दिवसापासून माझे नाव ‘गळकी’ पडले.

हे नाव आपणास किरकोळ वाटेल, म्हणून चार गोष्टी सांगते. डहाणूच्या रिक्षास्टँडवर मी आले की “छत्री काढा रे” असे म्हणतात. भाचीच्या हळदीला पाण्याचा हंडा माझ्या हाती देताना एकीने तो मागे घेतला व म्हणाली, “तिच्याकडं नको, गळंल.” सगळ्या हसल्या. भाचीही हसली, तिला हळद लागलेली होती. नळयोजनेच्या दोन ठेकेदारांनी ‘नंतर कळवतो’ म्हणून अजून कळवले नाही. जोडणीचे मशीन ज्यांच्याकडून भाड्याने घेत असे त्यांनी ते परत मागवले व घेताना तवा नीट आहे ना, हे माझ्यादेखत तपासले. नऊ वर्षांत त्यांनी तो कधी तपासला नव्हता. मागील हंगामात मी भाताच्या लावणीला व कापणीला गेले. लावणीत माझे हात चांगले चालतात, पण ते माझे काम नाही.

१०. या नावाने मला हाक मारणाऱ्यांची यादी परिशिष्ट ‘ब’ मध्ये दिली आहे. एकतीस नावे, ठिकाण व तारखेसह. क्रमांक १९ वर माझी सख्खी बहीण शितल आहे. तिने लाडाने म्हटले. म्हटले हे खरे.

११. केंद्राकडे चर उघडण्यासाठी मी तीन अर्ज दिले. केंद्राच्या अध्यक्षा हर्षदाताई वाईट नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “निर्मला, आता वर झाडं लावलीत गं.” तेव्हा मी ठरवले की उघडायचे ते मीच उघडेन. येथून पुढे जे लिहिते त्यात विनापरवाना खोदकामाची कबुली आहे. त्याबद्दल नियमात जी कारवाई असेल ती माझ्यावर अवश्य करावी, फक्त ती इतर कारवायांच्या नंतर करावी.

१२. दि. १५ मार्च २०२६, रविवार. हर्षदाताईंकडे यंत्राच्या खोलीची किल्ली मागितली. त्यांनी दिली, कशासाठी ते विचारले नाही. ओळखीच्या पंक्चरवाल्याचा हवेचा कॉम्प्रेसर टेम्पोतून आणला. सोबतीला माझ्या सासूबाई नवशी काळ्या दुमाडा होत्या. त्या साठीच्या पुढे आहेत, पण खोदकामात आजही माझ्या पुढे आहेत. व्हॉल्व्ह बंद करून नऊही वेटोळी एकमेकांपासून वेगळी केली व प्रत्येकात वेगवेगळी हवा भरली. आठ वेटोळ्यांचा काटा जागचा हलला नाही. क्रमांक ६ चा काटा बघता बघता खाली आला. म्हणजे आठ चर तेथेच निर्दोष ठरले. हे तपासायला मला अर्धा दिवस लागला. श्री. ठोंबरे यांना दीड वर्षात अर्धा दिवस मिळाला नाही.

१३. मग चर ६ च्या रेषेवर दर दोन पावलांवर पहार ठोकून तिच्या वरच्या टोकाला कान लावला. हवा गळत असेल तर लोखंडातून ऐकू येते. यंत्राच्या खोलीपासून साठ फुटांवर ऐकू आली, दुधाचे पातेले उतू जाण्याआधी जसा आवाज होतो तशी. कृपया लक्षात घ्यावे की या ठिकाणी माझा एकही सांधा नाही. वेटोळे अखंड आहे. सर्वात जवळचा सांधा, क्रमांक ३१, तेथून साठ फूट लांब, खोलीमागे आहे, आणि त्याच्यावरचा पांढरा रंगसुद्धा उडालेला नाही.

१४. दोन दिवस आम्ही सासू-सुनेने खोदले. वरची दोन झाडे मुळासकट काढून ओल्या पोत्यात ठेवली व नंतर लावली. दोन्ही जगली आहेत. सहा फुटांवर पाइप लागला. त्याला बोटभर लांबीची चीर होती, जेसीबीच्या बकेटच्या दाताने पडते तशी, वरून खाली तिरकी. त्या चिरेवर निळ्या काठाचा टॉवेल गुंडाळलेला, त्यावर सायकलची ट्यूब, त्यावर तार. वाळू नव्हती. चाळलेली माती नव्हती. दगड होते.

म्हणजे चीर पडली हे त्याच दिवशी कोणाला तरी ठाऊक होते. कोणी तरी ती बांधली, आणि वर माती लोटली.

१५. सासूबाई खड्ड्यात माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी टॉवेलच्या काठावरची माती अंगठ्याने पुसली. त्या म्हणाल्या, “हा दिपकचा.” वाणगावच्या बाजारातून त्यांनी असे दोन टॉवेल आणले होते, एक माझ्या नवऱ्यासाठी व एक धाकट्या मुलासाठी. नवऱ्याचा आमच्या दोरीवर आहे.

दिपक काळ्या दुमाडा, वय ३०, माझे सख्खे दीर. जेसीबी चालवतात. चर ६ व ७ त्यांनीच बुजवले होते.

सासूबाई खड्ड्यातून वर आल्या आणि पोत्याशेजारी पाय पसरून बसल्या. पाणी दिले ते घेतले नाही. मी टॉवेल सोडला नाही, ट्यूब सोडली नाही. फोटो काढले. प्लास्टिकचा कागद पांघरून माती परत लोटली. पुरावा जसाच्या तसा जागेवर आहे.

१६. दिपक आमच्याच घरात राहतात. त्याच संध्याकाळी चुलीपाशी त्यांना विचारले. ते जे म्हणाले ते असे :

“बकेटचा दात लागला. मी लगेच उतरून साहेबांना सांगितलं. साहेब बोलले, बांध नि बुजव, उद्या फोटो काढायला माणसं येणार आहेत. मी बांधलं.”

मी विचारले, ग्रामसभेत का नाही बोललास.

“बोललो असतो तर मशीन गेली असती हातातून. साहेबांनीच लावलंय ना मला.”

मी विचारले, आणि वर्षभर माझ्या हातचं जेवत होतास ते.

“जेवताना कसं काढायचं ते, वहिनी.”

एवढे बोलून त्यांनी भात मागितला. मी वाढला. त्या दिवसापासून मी त्यांना ताट वाढते, पाणी देत नाही. ते उठून माठातून घेतात. ही बाब शासकीय नाही हे मला मान्य आहे, परंतु अर्जदाराची मनःस्थिती आपणास कळावी म्हणून लिहिली.

१७. हीच माणसे आता वाणगावजवळ भाजीपाला साठवण केंद्राचा नवीन लूप टाकत आहेत. श्री. ठोंबरे साइट इंजिनिअर, दिपक जेसीबीवर. चौदा चर खोदून झाले असून पावसाच्या आत बुजवायचे आहेत. तेथील जोडणी करणाऱ्या मुलीला मी जाऊन भेटले. भारती तिचे नाव, बावीस वर्षांची आहे. तिचे काम चांगले आहे, वळ्या सारख्या येतात. मी तिला म्हटले, दर सांध्यावर नाव लिही आणि ज्या दिवशी तुला माल मोजायला पाठवतील त्या दिवशी जाऊ नकोस. ती म्हणाली, “ताई, मला काल पाठवलं होतं.”

१८. वरील परिस्थितीत माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्या मी एक महिना विचार करून लिहिल्या आहेत, रागाच्या भरात लिहिलेल्या नाहीत. राग आहे, पण तो वेगळा ठेवला आहे.

(क) चर ६ चा पंचनामा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी बारा वाजता ठेवावा. ही वेळ चुकून लिहिलेली नाही.

(ख) साठ फुटांवरचा तो खड्डा श्री. ठोंबरे यांनी स्वतः खोदावा. जेसीबी लावू नये, मजूर देऊ नये. टिकाव, फावडे व घमेले मी घरून आणीन. आम्हा दोघींना दोन दिवस लागले. त्यांना चार द्यावेत. तळाशी गुडघ्यांवर बसून तार, ट्यूब व टॉवेल त्यांनीच सोडावा. मी वर उभी राहीन. हसणार नाही, याची हमी देते.

(ग) त्यानंतर होणाऱ्या खुटलवाडीच्या पहिल्या ग्रामसभेत, त्याच माइकवरून, त्यांनी परिशिष्ट ‘क’ मधील मजकूर वाचावा. मजकूर मोठा नाही. “सांधा क्रमांक एक, चांगला. सांधा क्रमांक दोन, चांगला.” असे चव्वेचाळीसपर्यंत. सगळे एकत्र चांगले होते असे म्हणून चालणार नाही. मी प्रत्येक वेगळा केला आहे, प्रत्येक वेगळा वाचला जावा. मध्ये चुकल्यास पहिल्यापासून.

(घ) परिशिष्ट ‘ब’ मधील एकतीस जणांना त्या ग्रामसभेस हजर राहण्याचे लेखी कळवावे व चौथ्या रांगेत बसवावे. एका रांगेत न मावल्यास मागे वाढवावे. शितललाही.

(च) दि. २६ जानेवारी २०२५ च्या इतिवृत्तातील ‘जोडणीतील दोष’ हे शब्द खोडू नयेत. ते तसेच ठेवून त्यांच्या समोर लाल शाईने खरे काय ते लिहावे, म्हणजे दोन्ही दिसत राहील.

(छ) श्री. ठोंबरे यांना कामावरून काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते गेले तर आपल्या गावी जातील, तेथे दुसरी साइट धरतील, आणि त्यांचे नाव तेथे स्वच्छ असेल. त्याऐवजी वाणगावच्या कामावर दाब तपासणारी म्हणून माझी नेमणूक करावी. माझ्या सहीशिवाय एकही चर बुजवला जाऊ नये. चौदा चर, म्हणजे चौदा वेळा ते माझ्याकडे सहीसाठी येतील. काटा दिवसभर स्थिर राहिल्याशिवाय मी सही करणार नाही. घाईची कितीही कारणे सांगितली तरी मी ती पूर्ण ऐकून घेईन आणि मग नाही म्हणेन. मला मजुरी इतरांना असेल तेवढीच द्यावी. नाही दिली तरी येईन.

(ज) दिपक काळ्या दुमाडा यांचा जबाब घ्यावा व ठेकेदाराने लपवलेल्या दोषात त्यांचे नाव घालावे. साहेबांनी सांगितले म्हणून केले, असे ते म्हणतील. ते खरे आहे. पण सव्वीस बायांच्या पाट्या भरून चिकू खड्ड्यात जात होते तेव्हा रस्त्याच्या कडेला जेसीबी लावून ते बघत होते आणि माझ्याकडे बघून हात हलवत होते. तो हात त्यांना साहेबांनी हलवायला सांगितला नव्हता.

१९. साक्षीदार म्हणून माझ्या सासूबाई नवशी काळ्या दुमाडा यांना लेखी बोलावणे पाठवावे. न बोलावता त्या येणार नाहीत. मला त्यांनी स्पष्ट सांगितले आहे : “मी तुझ्यासाठी कचेरीत नाही यायची. त्याच्यासाठी पण नाही यायची. बोलावलंन् तर खरं सांगीन.” सोळा वर्षे त्यांच्या घरात राहते आहे, त्या खोटे बोलत नाहीत. आपला मुलगा आहे म्हणून त्या टॉवेल ओळखीचा नाही असे सांगू शकल्या असत्या. खड्ड्यात आम्ही दोघीच होतो. मला काही कळले नसते.

२०. मला वाईट वाटत नाही असे नाही. लग्न करून या घरात आले तेव्हा दिपक चौदा वर्षांचे होते. त्यांचे शाळेचे शर्ट मी धुतले आहेत. जेसीबी शिकायला पाठवावे, हे नवऱ्याला मीच सांगितले होते. परंतु वाईट वाटणे हा या अर्जाचा विषय नाही. विषय वर लिहिला आहे.

२१. आपण म्हणाल, एका पाइपच्या चिरेसाठी एवढे कशाला. पाइपची चीर मी कपलर लावून एका तासात बंद करू शकते, आणि हर्षदाताईंनी सांगितले तर केंद्र या हंगामात पुन्हा सुरू होईल. ते काम मी फुकट करीन, कारण बायांचा दोष नाही. त्यांनी मला अजून सांगितलेले नाही. वाट बघते आहे. पंचनामा होईपर्यंत मात्र चर ६ ला मी हात लावणार नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही. या कारणाने केंद्र आणखी महिनाभर बंद राहिले तर तो महिना माझ्या नावावर लिहावा. तो एक दोष मी मान्य करते.

तरी वरील मागण्या एकही न गाळता मंजूर व्हाव्यात. आपण त्यांतील काही जास्तीच्या आहेत असे ठरवल्यास कोणत्या ते लेखी कळवावे. मी वाचीन, आणि पुन्हा अर्ज करीन.

आपल्या कचेरीच्या उत्तराची वाट पाहणारी, व तोवर गप्प न बसणारी,

(सही)
निर्मला सुनिल दुमाडा
मोहाचापाडा, ता. तलासरी

सोबत :
परिशिष्ट ‘अ’ : सांध्यांची वही, छायाप्रत, पाने ११. (मूळ वही देणार नाही. पाहायची असल्यास घेऊन येईन व घेऊन जाईन.)
परिशिष्ट ‘ब’ : एकतीस नावांची यादी.
परिशिष्ट ‘क’ : ग्रामसभेत वाचायचा मजकूर, मोठ्या अक्षरात.
परिशिष्ट ‘ड’ : फोटो ९. त्यांत क्र. १ काटा व मनगट, क्र. ६ ते ९ चीर, ट्यूब, तार, टॉवेल.

ताजा कलम : हे हाताने लिहिते आहे, कारण अर्ज टाईप होऊन आल्यावर घडले.

काल संध्याकाळी नवरा श्री. सुनिल यांनी माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला. खाली सही कर म्हणाले, वर काय लिहायचे ते आम्ही बघू. मी नाही म्हटले. तेव्हा सासूबाई उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या इतकेच बोलल्या, “दोघांची आई आहे मी. तू पण माझीच.” आणि पेन माझ्या हातात दिले. माझ्याबरोबर दोन दिवस त्या खड्ड्यात उतरल्या होत्या. मला त्यांना नाही म्हणता आले नाही. मी सही केली.

तो कागद आठवड्याभरात आपल्याकडे येईल. त्यावर मी हा अर्ज मागे घेते, दिपकचे नाव गैरसमजातून लिहिले, असे काहीतरी असेल. खालची सही माझीच असेल, खरी असेल, आणि माझ्या राजीखुशीने केलेली असेल. कोणी जबरदस्ती केली असे मी म्हणणार नाही.

तो कागद आपण घ्यावा. आणणाऱ्याला पोच द्यावी, म्हणजे घरी सासूबाईंना दाखवता येईल. आणि तो कागद या अर्जाच्या खाली लावून, चौकशी सुरू करावी.

(सही) नि. सु. दुमाडा